रुक्मिणीच्या माहेरी कॅनन विरुद्ध निकॉन

दोन कॅमेरे, एक मामेभाऊ आणि वर्धा नदीकाठचा पहाटेचा अंधार. पाच-सहा लाखांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही थेट कौंडण्यपूर गाठलं!

ऑफिसच्या कँटीनमध्ये भांडण लावून द्यायचंय? फार डोकं चालवायची गरज नाही. चहाचा कप हातात घ्या आणि निरागस चेहऱ्याने विचारा, "काय रे, कॅनन बरा की निकॉन?" पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागत नाही. ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो तर तावातावाने बोलतोच. पण ज्याने शेवटचा कॅमेरा दहावीच्या सहलीला हातात धरला होता, त्याचंही याबाबतीत ठाम मत असतं. आणि गाडी हमखास एकाच स्टेशनावर येऊन थांबते : "ते सगळं सोड, अंधारात कोण चांगला?"

खरंय. भर उन्हात आजकाल कुठलाही कॅमेरा चांगलाच फोटो काढतो. मोबाइलसुद्धा. खरी परीक्षा दिवेलागणीनंतर.

माझ्या अमरावतीच्या मामेभावासाठी मात्र हा प्रश्न टाइमपासचा नव्हता. तो लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू, आणि त्याच्या जुन्या डीएसएलआरने गेल्या वर्षी मान टाकायला सुरुवात केली होती. नवीन मिररलेस घ्यायचा म्हणजे अडीच लाखांच्या घरातली एक बॉडी. लग्नात एकाच बॉडीवर कोणी विसंबत नाही, म्हणून दुसरी. वर लेन्स, बॅटऱ्या, कार्डं. पाच-सहा लाखांचं कर्ज. सव्विसाव्या वर्षी, स्वतःच्या नावावर, पहिलंवहिलं. मामाचा स्वतःचा स्टुडिओ होता, यॅशिका आणि फ्लॅशगनवर त्याने आयुष्य काढलं. तो एवढंच म्हणाला, "घे, पन पाहून घे."

मग पाहूनच घ्यायचं ठरलं. मी पुण्याहून दोन दिवसांच्या भाड्याने निकॉनचा झेड ६ थ्री आणला, त्याने अमरावतीत एका दोस्ताकडून कॅननचा आर ६ मार्क टू मिळवला. दोघांवर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स. (इथे थोडी बेइमानी आहे, ती आधीच सांगते : निकॉनची ही लेन्स कॅननच्या लेन्सच्या काही पट महाग आहे. त्यामुळे काचेच्या स्पर्धेत निकॉनला आम्ही गुण दिले नाहीत.) आता जागा कुठली?

"कौंडण्यपूरले जाऊ," भाऊ म्हणाला. "काकडा चालू आहे तिथं. अंधार बी भेटन अन् दिवे बी."

कुंडिनपूरची लेक

अमरावतीहून कौंडण्यपूर साधारण ४० किलोमीटर. कुऱ्ह्यावरून रस्ता जातो. आम्ही निघालो तेव्हा दिवाळी होऊन आठवडा झाला होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बायका ओळीने वाकलेल्या. तिवसा तालुक्याचं हे टोक. समोर वर्धा नदी, आणि नदीपलीकडे जिल्हाच बदलतो : तिकडे वर्धा, आर्वीची बाजू. पुण्या-मुंबईच्या वीकेंडवाल्यांच्या नकाशावर हे गाव नाही. रिसॉर्ट नाही, कॅफे नाही, सेल्फी पॉइंटची पाटी नाही. विदर्भातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "अरे, ते तर रुक्मिणीचं माहेर!"

पुराणातल्या विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानलं जातं. भीष्मक राजाची मुलगी रुक्मिणी, तिचं लग्न शिशुपालाशी लावायचा घाट भाऊ रुक्मी घालतो, आणि ती थेट द्वारकेला चिठ्ठी धाडते. मुलीने स्वतः पुढाकार घेऊन, पळवून न्यायची जागा आणि वेळ कळवून पाठवलेलं पत्र! आजच्या भाषेत लोकेशन शेअर केलं म्हणा ना. ती अंबिकेच्या दर्शनाला येते आणि कृष्ण तिला रथात घेतो. ते देऊळ कौंडण्यपूरचं, असं इथले लोक सांगतात. अमरावतीकर सांगतात, छे, आमची अंबादेवी! दोन्ही देवळांना जोडणारं भुयार होतं अशीही एक गोष्ट आहे, म्हणजे भांडणच मिटलं. रुक्मीने हरल्यावर कुंडिनपुरात पाय ठेवला नाही, त्याने भोजकट वसवलं; ते अमरावतीजवळचं भातकुली, असं म्हणतात. हा पट्टा असा आहे की एसटीच्या पाट्या वाचत गेलं तरी अर्धं भागवत होतं.

दावे इथेच संपत नाहीत. गुजरातेत माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते. आणि थेट अरुणाचलातली इदू मिश्मी मंडळी भीष्मकनगर दाखवून म्हणतात, रुक्मिणी आमची. पण वऱ्हाडातल्या माणसाला यातलं काही ऐकवू नका. त्याच्या मते दमयंती इथलीच, अगस्तींची लोपामुद्रा इथलीच, आणि रामाची आजी इंदुमती, तीही इथलीच. एका गावाच्या एवढ्या लेकी!

पुराणं राहू द्या, जमिनीखालीही बरंच आहे. १९६२ ते १९६४ या काळात मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केलं. वस्तीचे थर सातवाहनांच्या काळापर्यंत आणि त्याच्याही मागे जातात. तुम्ही ज्या पांढरीच्या टेकाडावर उभे राहून मोबाइलला रेंज शोधता, त्याच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं आहेत. हा विचार मला तरी भन्नाट वाटला.

आणि पालखी. पंढरपूरला जाणाऱ्या पालख्या म्हटलं की आपल्याला आळंदी आणि देहू आठवतं. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी १५९४ साली संत सदाराम महाराजांनी सुरू केली असं इथे सांगतात. म्हणजे पुण्याच्या पालखी सोहळ्यांच्या कितीतरी आधी. विदर्भातून चालत पंढरपूर! २०२१ साली, कोरोनामुळे फक्त दहा मानाच्या पालख्यांना बसने जायची परवानगी मिळाली, त्यात हिचा नंबर होता. सगळी पंढरपूरची वारी विठोबाकडे जाते. ही एकच अशी, जिच्यात सासरी गेलेल्या मुलीची माहेरची माणसं तिला भेटायला निघतात.

निकॉनची काच, कॅननचा डबा

आता जरा कॅमेऱ्यांच्या घराण्यांकडे. कारण इथेही सासर-माहेरचा गोंधळ आहे.

कॅननच्या पहिल्या कॅमेऱ्याचं नाव होतं क्वानॉन. १९३४ साली गोरो योशिदा नावाच्या जपानी गृहस्थांनी तो केला आणि करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिचं नाव दिलं. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. जगाकडे करुणेने पाहणारा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी आठवतोय? तोच. म्हणजे पुढच्या वेळी कोणी गळ्यात कॅनन अडकवून अजिंठ्याच्या अंधारात धडपडताना दिसला तर समजा, तो मूळ गावी आलाय.

याहून मजेदार गोष्ट पुढची. १९३६च्या सुमाराला कॅननचा पहिला बाजारी कॅमेरा आला, हान्सा कॅनन. कंपनीकडे तेव्हा स्वतःची लेन्स नव्हती. मग लेन्स कोणाची? निप्पॉन कोगाकूची. १९१७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचं आजचं नाव निकॉन! कँटीनमध्ये पुढचं भांडण झालं की हे पिल्लू सोडून द्या आणि मजा बघा. निकॉनने स्वतःचा कॅमेरा काढला तो १९४८ साली.

त्यानंतर मात्र दोघांनी ठरवून एकमेकांच्या उलटं केल्यासारखं वागायला सुरुवात केली. लेन्स बसवायची दिशा उलटी, झूम फिरवायची दिशा उलटी. दहा वर्षं कॅनन वापरलेल्या माणसाच्या हातात निकॉन दिला की तो पहिला अर्धा तास डाव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाला अमेरिकेत सोडल्यासारखा दिसतो. माझ्या भावाचं तेच झालं. "ताई, हे उलटं काऊन फिरून राह्यलं वं?"

अंधाराच्या बाबतीत या दोघांची खरी झटापट २००० नंतरची. २००५ साली कॅननने ५डी आणला, फुल फ्रेम सेन्सर प्रमाणात स्वस्त केला. तोवर मॅचच्या सीमारेषेबाहेर बसलेल्या फोटोग्राफरांत कॅननच्या पांढऱ्या लेन्सेसची रांगच रांग. मग ऑगस्ट २००७ : निकॉनचा डी३. बारा मेगापिक्सेलच, पण आयएसओ ६४०० पर्यंत सरळ आणि ताणून २५६०० पर्यंत. फिल्मच्या जमान्यात ८०० चा रोल म्हणजे चैन, १६०० म्हणजे दाणेदार रवा. त्या लोकांना ६४०० वर छापण्याजोगा फोटो पाहून काय वाटलं असेल, विचार करा. वर्षभरात तोच सेन्सर डी७०० मध्ये आला. २००८ मध्येच कॅननने ५डी मार्क टू काढून २१ मेगापिक्सेल आणि फुल एचडी व्हिडिओ दिला, आणि आपली लग्नाची कॅसेट 'सिनेमॅटिक' झाली ती तेव्हापासून. पण त्या ५डीच्या सावल्या उजळायला गेलं की आडवे-उभे पट्टे दिसायचे, ही तक्रार बरीच वर्षं राहिली. २०१६च्या आसपासच्या मॉडेल्सपासून ती बरीच निवळली. मध्येच २०१४ साली सोनीने ए७एस आणून दोघांनाही घाम फोडला. २०१६ मध्ये निकॉनच्या डी५ वर आयएसओचा आकडा ३२ लाख ८० हजारांपर्यंत गेला. त्या आकड्यावर काढलेला फोटो पाहू नका. आकडा मिरवायचा असतो, वापरायचा नसतो.

पाऊस आणि वाट्या

हा 'नॉइज' नावाचा प्रकार नक्की काय असतो? भाऊ त्याला 'दाने' म्हणतो. नदीच्या काठावर बसून आम्ही यावर बराच वेळ घालवला, म्हणून इथे थोडं थांबते.

कल्पना करा, अंगणात शेजारी शेजारी एकसारख्या वाट्या मांडल्यात आणि पाऊस पडतोय. प्रत्येक वाटी म्हणजे एक पिक्सेल, थेंब म्हणजे प्रकाशाचे कण. मुसळधार पाऊस असेल तर सगळ्या वाट्यांत जवळपास सारखंच पाणी जमतं. पण दोन-चार शिंतोडे पडून गेले तर एका वाटीत पाच थेंब, शेजारच्या वाटीत एकही नाही. पाऊस सगळीकडे सारखाच होता, तरी वाट्या सारख्या दिसत नाहीत. हेच ते दाणे. गणितही सोपं आहे : सरासरी शंभर थेंब पडले तर दहाची खालीवर, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडले तर शंभराची खालीवर, म्हणजे एकच टक्का.

म्हणजे अंधारातले बहुतेक दाणे कॅमेऱ्याने तयार केलेलेच नसतात, ते उजेडाच्या स्वभावातच असतात. आयएसओ वाढवला की थेंब वाढत नाहीत, आहेत तेवढेच मोठे करून दाखवले जातात, त्यांच्यातल्या फरकासकट. थेंब वाढवायचे तर तीनच मार्ग : अंगण मोठं करा (म्हणजे मोठा सेन्सर), दार मोठं उघडा (म्हणजे एफ १.८ सारखी लेन्स), नाहीतर जास्त वेळ वाट पाहा (म्हणजे शटर सावकाश). कॅननच्या छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या मानाने फुल फ्रेमचं अंगण अडीचपटीहून मोठं असतं. ब्रँडचा संबंध उरतो तो वाटीतलं पाणी मोजताना किती सांडतं एवढ्यापुरता. आणि आजच्या घडीला दोन्ही कंपन्या फारच कमी सांडतात.

आमचे दोन्ही कॅमेरे तर या बाबतीत जवळजवळ जुळे. कॅनन २४.२ मेगापिक्सेल, निकॉन २४.५. दोन्ही फुल फ्रेम. कॅनन २०२२ च्या शेवटी आलेला, निकॉन २०२४ च्या जूनमध्ये.

पहिला सामना सूर्य बुडाल्यावर. पावणेसहाला सूर्य गेला आणि वर्धेच्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं तो निळसर-राखाडी उजेड राहिला, ज्याच्यासाठी फोटोग्राफर मंडळी कुठूनकुठून तंगडतोड करतात. पैलतीरावर म्हशी परत चाललेल्या. आयएसओ ८००, मग १६००, मग ३२००. मोबाइलच्या टॉर्चमध्ये डोकं खुपसून आम्ही दोन्ही स्क्रीन मोठ्या करून पाहिल्या. फरक? शोधला. सापडला नाही. भावाचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं कोणीतरी एक धाडकन हरेल आणि कर्जाचा अर्ज कोणत्या रकान्यात भरायचा ते कळेल.

फरक दिसायला लागले ते काळोख पडल्यावर, आणि ते सेन्सरमध्ये नव्हतेच. निकॉनचा व्ह्यूफाइंडर. कागदावर ५७.६ लाख ठिपके विरुद्ध कॅननचे ३६.९ लाख, पण आकडे विसरा, डोळा लावल्यावर निकॉनमध्ये समोरचं जग जास्त सुटसुटीत दिसतं आणि अंधारात तेच हवं असतं. कॅननने मात्र चेहरा पकडायचा वेग दाखवला. घाटावर एक पोरगं सायकलचं टायर पळवत होतं, जवळजवळ सावलीच नुसती. कॅनन त्याच्या डोळ्याला चिकटला तो चिकटलाच. निकॉनही पकडत होता. माझ्या हातात तो एखाद-दुसऱ्या वेळी मागच्या दिव्याकडे भुलला. कागदावर अंधारात फोकस करायचा निकॉनचा आकडा कॅननपेक्षा सरस आहे, हे दोन्हीकडच्या भक्तांनी नोंद करून ठेवावं.

दोन्ही कॅमेऱ्यांत हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन आहे, कंपन्या आठ स्टॉपचा दावा करतात. त्याने देऊळ स्थिर येतं. टायरवालं पोरगं नाही येत.

पहाट

त्या रात्री भावाच्या ओळखीच्या एका घरी मुक्काम. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. मालक बाहेर खाटेवर बसून विचारत होते, एवढे महागाचे दोन कॅमेरे, मग फोटो एकच कसा काढून राह्यले तुम्ही?

आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटे काकडा चालतो. पौर्णिमेच्या सुमाराला इथे मोठी यात्रा भरते, दहीहंडी होते आणि पंढरीचा विठोबा त्यासाठी सासुरवाडीला येतो अशी श्रद्धा आहे. आम्ही मुद्दाम त्याच्या आधी गेलो. यात्रेत गर्दीही असते आणि हॅलोजनही.

पहाटे पाचच्या आधी देवळाकडे निघालो. देऊळ उंचावर, खाली नदी, नदीवरून येणारा गार वारा, आणि चंद्र रात्रीच मावळलेला. वर पोहोचलो तेव्हा टाळ सुरू झाले होते. आम्ही आधी विचारून घेतलं. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, फ्लॅश नाही, आणि फोकसला मदत करणारा तो पुढचा छोटा दिवाही बंद, हे आम्ही आमचंच ठरवलं होतं. लोक डोळे मिटून उभे असताना त्यांच्या तोंडावर दिवा मारणारा फोटोग्राफर मला कधीच आवडला नाही, मग तो कुठल्याही ब्रँडचा असो.

इथे पहिली अडचण आली ती एलईडी माळांची. आवाज नको म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर दोन्ही कॅमेऱ्यांत भिंतीवर काळे-पांढरे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. उपाय सोपा : शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला एक नाहीतर दोन पूर्ण लुकलुकी मिळतात आणि पट्टे जातात. सोसायटीच्या गणपतीत, ऑफिसच्या पार्टीत तुमच्याही फोटोत असे पट्टे येत असतील तर हे एक लक्षात ठेवा, पैसे वसूल.

मग कोणीतरी माळा बंद केल्या आणि फक्त पणत्या-निरांजनं उरली.

तेलाच्या दिव्याचा उजेड पिवळा-तांबूस असतो, त्यात निळा जवळपास नसतोच. कॅमेरा पांढऱ्याला पांढरं करायच्या नादात तो निळा ओढून ताणून वाढवतो, आणि दाणे सगळ्यात आधी तिथेच उगवतात. दोन्ही कंपन्यांनी यावर सोय केलीय : ऑटो व्हाइट बॅलन्समध्येच 'पांढरं जपा' किंवा 'वातावरण जपा' असं निवडता येतं. आम्ही आधी पांढरं जपलं. आयएसओ १२८००, शटर १/५०. खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात एकच दिवा. मी खुणेने विचारलं, त्यांनी मान हलवली. दोन्ही कॅमेऱ्यांतून एक-एक फ्रेम.

आरती झाल्यावर बाहेर पायऱ्यांवर त्यांना स्क्रीन दाखवली. लुगड्याचा हिरवा रंग स्वच्छ, काठ स्वच्छ, मागचा खांब, खांबावरची शेंदराची बोटं, सगळं लख्ख. १२८०० ला एवढे कमी दाणे! भाऊ खूश, मी खूश. आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय दिवसा काढला काय वं माय?" त्या म्हणाल्या. "मी त राती बसली होती इथं. दिवा कुठी गेला?"

दिवा होता. ताटातच होता. पण बाकी सगळंच उजळलेलं, त्यामुळे तो फुलाच्या पाकळीएवढा पांढरा ठिपका झाला होता.

मला वाटतं, त्या दोन दिवसांतला सगळ्यात कामाचा शेरा तोच. कॅमेऱ्याचं मीटर काय करतं? समोर जे काही असेल ते सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. काळोख दाखवला की ते बिचारं प्रामाणिकपणे त्याचा दिवस करतं. फुल फ्रेम आणि १२८०० आल्यापासून आपण सगळे या दिवसाच्या प्रेमात पडलोय. लग्नाच्या अल्बममधली रात्रीची वरात बघा, सकाळच्या शाळेची प्रभातफेरी वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे (हो, आम्ही एक मुक्काम वाढवला, भाडं वाढलं, ते मी भरलं) परत गेलो. या वेळी 'वातावरण जपा'. एक्स्पोजर पावणेदोन स्टॉपने खाली. म्हणजे आयएसओ १२८०० च्या जागी ४००० च्या आसपास. चेहऱ्याची एक बाजू, हाताच्या शिरा, ताटाची कड आणि ज्योत. बाकी काळं. दाणे? ४००० ला आजचा कुठलाही फुल फ्रेम हसत खेळत चालतो. भावाने त्याच सेटिंगवर स्वतःचा दहा वर्षांचा जुना डीएसएलआर पिशवीतून काढला आणि तीच फ्रेम घेतली. जुन्याला फोकस धरायला तीन वेळा पुढे-मागे करावं लागलं, सावलीत थोडे दाणेही जास्त. पण फोटो आला. वाईट नाही आला.

तो तिथेच पायरीवर बसला. "मंग ताई, मी पाच लाख कायले घालून राह्यलो?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर सरळ नव्हतं. अंधारातला चेहरा पहिल्या झटक्यात पकडणं हे लग्नात चैनीचं काम नाही. अक्षता एकदाच पडतात. त्यासाठी नवी बॉडी हवीच. पण दोन नकोत. कोणती, हे शेवटी दाण्यांनी ठरवलंच नाही. त्याच्याकडे कॅननच्या तीन जुन्या लेन्सेस आहेत : ७०-२००, ८५ आणि एक वाइड. साध्या अडॅप्टरवर त्या नव्या कॅननला लागतात आणि नीट चालतात. निकॉन घेतला तर त्या विकायच्या, मिळेल त्या भावाला, आणि सगळं नव्याने. बॉडी दर चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्सेस घरात राहतात. हेच गणित निकॉनवाल्यालाही लागू, फक्त उलट्या दिशेने फिरवून. मला स्वतःला विचाराल तर माझ्याकडे एकही लेन्स नाही, कोऱ्या पाटीवर मी निकॉन घेईन, व्ह्यूफाइंडरसाठी. आणि पहिला खर्च बॉडीवर न करता एफ १.८ च्या काचेवर करेन. कंपनीचे लोक हे सांगत नाहीत, कारण त्यांना बॉडी विकायची असते.

परतताना कुऱ्ह्याला चहा घेतला. अमरावतीत पोचल्यावर गिला वडा, तोही डबल. (तिखट झेपत नसेल तर दही जास्त मागा. लाजू नका.) कौंडण्यपूरला जायचं असेल तर अमरावतीचा मुक्काम धरा, तिथून एसटी आणि खासगी गाड्या मिळतात, आणि सकाळच्या भरवशावर जाऊ नका, आदल्या संध्याकाळीच पोचा. नदीवरचा तो पंधरा मिनिटांचा उजेड चुकवायचा नाही.

भावाने एक बॉडी आणि अडॅप्टर घेतला, कर्ज अडीच लाखांच्या आत बसवलं, जुना डीएसएलआर दुसरी बॉडी म्हणून ठेवला. सीझनचं पहिलं लग्न मोर्शीकडे होतं, संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचं. त्याने मंडपवाल्याला हळदीच्या वेळी अर्धे फोकस बंद करायला लावले, त्यावरून नवरीच्या मामांशी थोडी बाचाबाची झाली म्हणे. फोटो मी पाहिलेत. त्यांत संध्याकाळ दिसते.

आजींना दोन्ही प्रिंट नेऊन दिले, लख्ख आणि काळोखातला. फ्रेम करून भिंतीवर लागलाय तो लख्ख. सुनेने निवडला, नातवंडांना आजी नीट दिसते म्हणून. दुसरा कुठे ठेवलाय ते भावाने विचारलं, तर म्हणाल्या, देवघरात आहे, तिथं उजेड कमी असते.